सीमा सुरक्षित आहे, माणसाचं काय?

जाहीरनामा कुठल्याही पक्षाचा उघडा, ‘सुरक्षा’ हा शब्द सापडणारच. त्याखाली मांडलेलं मात्र वेगळं असतं. एका ठिकाणी सैन्य, शस्त्रं, सीमा, हेरखातं. दुसऱ्या ठिकाणी दवाखाने, रोजगार, हवामान, शेजाऱ्यांशी बोलणी. पहिलीला राष्ट्रीय सुरक्षा म्हणतात, दुसरीला मानवी सुरक्षा. पुरोगामी राजकारण बहुतेक वेळा दुसरीच्या बाजूने उभं असतं. मत कुणाला द्यावं या पेचात असाल तर दोन्हींची जरा झडती घेऊ.

मानवी सुरक्षा ही काही भाबड्या शांतिवाद्यांची कल्पना नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या मानव विकास अहवालात ती ठसठशीतपणे आली आणि त्या अहवालामागे होते पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री महबूब उल हक. तोफ आणि शाळा एकाच तिजोरीतून येतात, हे अर्थखातं सांभाळलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्ती, समूह आणि राजकीय असे सुरक्षेचे सात पदर अहवालाने सांगितले. पुढे २००३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या माजी निर्वासित उच्चायुक्त सदाको ओगाता आणि अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या आयोगाने तीच मांडणी विस्तारली.

फरक खरा कळतो तो जमिनीवर. भूसुरुंग घ्या. युद्ध संपलं, तह झाला, पलटणी बराकीत परतल्या. राष्ट्रीय सुरक्षेच्या वहीत विषय मिटला. पण बांधापलीकडच्या पडीक रानात एक सुरुंग तसाच पुरलेला आहे. सरपणाला निघालेल्या बाईचा पाय त्यावर कधी पडेल, नेम नाही. तो शत्रूने पुरला की आपल्याच सैन्याने, याने तिला काय फरक पडतो? जमीन असून पेरता येत नाही, पाण्याला लांबचा वळसा पडतो. देश सुरक्षित, ती नाही. या सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७मध्ये झाला आणि दीडशेहून अधिक देश त्यात आले. मानवी सुरक्षेचं सगळ्यात रोकडं यश मी यालाच म्हणेन.

आता हाच सुरुंग पलीकडून पाहा. फिनलंड या करारात आला २०१२मध्ये. २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, आणि फिनलंडची रशियाशी सीमा आहे तेराशे किलोमीटरहून लांब. फिनलंडने नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीचं सदस्यत्व मागितलं तेव्हा तिथे सोशल डेमोक्रॅट, म्हणजे डाव्या-पुरोगामी पक्षाच्या, सना मारिन पंतप्रधान होत्या. शेजारच्या स्वीडननेही तेच केलं, आणि तिथेही सोशल डेमोक्रॅटच सत्तेत होते. २०२५मध्ये फिनलंडच्या संसदेने ओटावा करार सोडायला मंजुरी दिली. पोलंड आणि एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया या तिन्ही बाल्टिक देशांनीही तीच वाट धरली. त्या बाईचं काय, हा प्रश्न त्याने संपत नाही, आणि मला हा निर्णय रुचलेला नाही. पण त्यांना युद्धखोर म्हणून मोकळं होणंही अप्रामाणिक ठरेल. रणगाडे दाराशी आले तर नुसता दवाखाना त्यांना अडवत नाही, हे पुरोगामी मंडळी (मीही त्यांतच) सहसा मोठ्याने बोलत नाहीत.

राष्ट्रीय सुरक्षेचा आंधळेपणा दुसऱ्या जातीचा. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या महासाथीमुळे जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कुठलीही सीमाचौकी तो विषाणू थोपवू शकली नाही. जगाचा लष्करी खर्च २०२४मध्ये २.७ लाख कोटी डॉलरवर गेला. त्याच्या शेजारी देवीच्या रोगाचं निर्मूलन ठेवून पाहा: १९६७ला जोर धरलेली मोहीम, साधारण ३० कोटी डॉलर खर्च, आणि १९८०मध्ये रोग नामशेष झाल्याची घोषणा.

मानवी सुरक्षेच्या व्यापक व्याख्येत एक खोच आहे आणि ती मला जास्त छळते. एखाद्या प्रश्नावर ‘सुरक्षा’ असा शिक्का मारला की नेहमीचे नियम गुंडाळून ठेवायला सबब मिळते, हे बॅरी बुझान आणि ओले वेव्हर या आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवून दिलंय. स्थलांतराचंच घ्या. माणसांची हलाखी म्हणून सुरू झालेली चर्चा कुंपण आणि छावण्यांवर कधी येते ते कळतही नाही. म्हणून अन्न, पाणी, आजार यांना सुरक्षेचे प्रश्न म्हणणाऱ्या उमेदवाराला लगेच विचारावं: हे सांभाळणार कोण, आरोग्यखातं की गणवेशातली माणसं? आणि चुकलं तर कोर्टात जाता येईल ना?

बिनलष्कराच्या कोस्टा रिकाचा दाखला हमखास पुढे येतो. १९४८पासून त्यांचं चाललंय खरं, पण अमेरिका खंडातल्या परस्पर संरक्षणाच्या कराराचं छत्र डोक्यावर आहे. सगळ्यांना ते झेपणार नाही.

माझा कौल मानवी सुरक्षेला, पण सैन्याला पर्याय म्हणून नव्हे. शेजारी खरोखर चाल करून येणारा असेल तर सैन्य-सीमांच्या पहिल्या यादीला कात्री लावू नका. तसं नसेल आणि माणसं उपासमारीने, आजाराने किंवा स्वतःच्याच पोलिसांच्या हातून मरत असतील, तर दुसरी यादी आधी वाचा. दोन्ही एकत्र कशा नांदतात हे पाहायचं तर पुन्हा फिनलंडच. तिथे सुमारे ४८ लाख माणसं मावतील एवढे नागरी निवारे आहेत. हेलसिंकीतला एक खडकाच्या पोटात खोदलाय. एरवी तो पोहण्याचा तलाव असतो, आणि वेळ पडली तर ७२ तासांत रिकामा करून निवारा होतो.