खेड्यातला पडका पब: विकत घ्यावा की लीजवर?

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातला जुना पब बंद पडलाय, डागडुजी अजून झालेली नाही, आणि नोकरी सोडून तो चालवावा असं तुमच्या मनात आहे. रस्ते मुख्यतः दोन: फ्रीहोल्ड, म्हणजे जागा आणि इमारत कायमच्या मालकीने विकत घेणं, नाहीतर अनेक पबांची मालकी असलेल्या पब कंपनीकडून लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने घेणं. जाहिरातीत लीज फार स्वस्त दिसते. पडक्या इमारतीत मात्र ती बहुधा महाग पडते, आणि त्याचं कारण बिअरपेक्षा छपरात असतं.

मसुद्यात 'फुल रिपेअरिंग अँड इन्शुअरिंग' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. दुरुस्तीचा आणि विम्याचा सगळा खर्च भाडेकरूचा, असा त्याचा अर्थ. 'दुरुस्त ठेवणे' यात आधीच मोडलेलं दुरुस्त करून देणंही येतं. म्हणजे आधीच्या भाडेकरूने गळू दिलेलं छप्पर तुमच्या गळ्यात, आणि सोडून जाताना राहिलेल्या दुरुस्तीचं बिलही तुमच्याच नावावर. यावर उपाय एकच. ताबा घेण्यापूर्वी सर्वेक्षकाकडून फोटोंसह स्थितीची नोंद करून घ्यायची आणि ती कराराला जोडायची. त्याहून वाईट स्थितीत परत करणार नाही, एवढंच कबूल करायचं.

'तुम्ही आत्ता सुरू करा, पैसे आम्ही नंतर घालू' हे कंपनीचं आवडतं वाक्य. कोणती कामं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोवर भाडं माफ की नाही, हे लेखी नसेल तर त्या वाक्याची किंमत शून्य. लेखी असलं तरी एक मेख आहे. 'टायड' लीजमध्ये बिअर कंपनीकडूनच घ्यावी लागते, बाजारापेक्षा चढ्या दराने. 500 किंवा जास्त टायड पब असलेल्या कंपन्यांना इंग्लंड-वेल्समध्ये 2016 पासून 'पब्ज कोड' ही कायदेशीर नियमावली लागू आहे. त्यानुसार ठरावीक प्रसंगी, उदाहरणार्थ भाड्याच्या फेरआढाव्याच्या वेळी, ही सक्ती सोडून फक्त बाजारभावाचं भाडं द्यायचा पर्याय मागता येतो. पण कंपनीने पबमध्ये मोठी गुंतवणूक केली, तर सात वर्षांपर्यंत हा हक्क सोडायला लावणारा करार ती पुढे करू शकते. नवं छप्पर फुकट मिळत नाही.

फ्रीहोल्डमध्ये बिअर कुणाची घ्यायची हे तुम्ही ठरवता, आणि छपरावर घातलेला पैसा निदान स्वतःच्या इमारतीत जातो. पण तो लागतो भरपूर. इमारत 'लिस्टेड', म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असेल तर तिचं रूप बदलणाऱ्या कोणत्याही कामाला आधी संमती हवी. विनापरवानगी काम हा फौजदारी गुन्हा आहे. मंजूर बदलांवरही व्हॅटची सूट नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात 20 टक्के आधीच धरा. पोटमाळ्यावर वटवाघळं निघाली तर, ती कायद्याने संरक्षित असल्याने, पाहणीचा हंगाम येईपर्यंत काम अडतं. आणि भिंती नीट बघा: जुन्या दगडांच्या सांध्यांत कुणीतरी सिमेंट भरलेलं असतं. आत शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही, आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोकं कुजतात. गावाकडे चुन्यातला वाडा ज्यांनी सांभाळलाय त्यांना हे सांगायला नको. पाहणीला पावसातच जा.

नाहीच जमलं तर घर करून विकू, हा हिशेबही धरू नका. 2017 पासून पबचा वापर बदलायला नियोजनाची परवानगी लागते. स्टॅफर्डशरमधल्या हिमलीचा 'क्रुकेड हाउस' हा पब लिस्टेड नव्हता, तरी 2023 च्या आगीनंतर तो पाडला गेला तेव्हा स्थानिक परिषदेने 2024 मध्ये तो पुन्हा बांधण्याची नोटीस काढली. उलट बाजूही तपासा: काही कंपन्या विकताना 'इथे पब चालवायचा नाही' अशी अट खरेदीखतात घालतात. आधीची कंपनी दिवाळखोर झाली असेल तर दारूचा परवानाही संपलेला असू शकतो.

माझा कल असा: छपराचा खर्च अंदाजाच्या दीडपट झाला तरी वर्षभर तग धरेल एवढी पुंजी असेल तर फ्रीहोल्ड. नसेल तर लीज, पण स्थितीची नोंद जोडूनच. ती जोडायला कंपनी नाही म्हणाली तर सरळ निघून या.

तिसरी वाट कमी ठिकाणी मिळते, पण विचारून बघा. यॉर्कशरमधल्या हडस्वेलचा 'जॉर्ज अँड ड्रॅगन' बंद पडल्यावर 2010 मध्ये गावकऱ्यांनी शेअर काढून विकत घेतला आणि चालवायला भाडेकरू ठेवला. 2016 साठी 'कॅमरा' या पारंपरिक बिअर आणि पबांसाठी झटणाऱ्या ब्रिटिश संघटनेचा सर्वोत्तम पबचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. अशा ठिकाणी इमारत गावाची असते, तुम्ही फक्त धंदा सांभाळता.