पीसीओएस आणि वजन: कॅलरी मोजणारं अ‍ॅप, पावलांचा आकडा की आहारतज्ज्ञांचे मेसेज?

पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी अनेकदा अनियमित करणाऱ्या हार्मोन्सच्या बिघाडात, वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरलं तरी पाळी आणि इन्सुलिनच्या बाबतीत पुष्कळदा फरक दिसतो. ८० किलो वजन असेल तर ४ ते ८ किलो. नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून दर आठवड्याला दवाखाना गाठणं मुंबईत कठीणच, म्हणून फोनचा आधार उपयोगी पडतो.

कॅलरीचं अ‍ॅप स्वस्त असतं आणि पहिले दोन आठवडे खरंच डोळे उघडतं. ते अडतं घरच्या जेवणापाशी. ३० ग्रॅम कोरड्या कणकेच्या चपातीत साधारण १०० कॅलरी, ४५ ग्रॅमच्या चपातीत दीडशे. अ‍ॅपला मात्र दोन्ही ‘एक चपाती’. म्हणून पीठ एकदा काट्यावर तोलून, त्यात किती चपात्या होतात ते पाहा. तेलाची चूक याहून मोठी. १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, आणि नुसती ‘एक वाटी भाजी’ नोंदवली तर तुमच्या फोडणीतलं तेल त्यात धरलेलं असेलच असं नाही. फोडणीचं तेल मोजा, जेवणाऱ्यांत भागा. चालून ‘जळालेल्या’ कॅलरी अ‍ॅप जेवणात वाढवून देत असेल तर ते सेटिंग बंद करा. तो आकडा अनेकदा फुगलेला असतो, आणि वजन अडकतं ते इथेच. पूर्वी उपाशी राहण्याचा किंवा अनावर खाण्याचा त्रास झाला असेल, तर मात्र मोजणीच्या वाटेला जाऊ नका.

पावलांचं अ‍ॅप फुकट आहे, पण जोडीला ठेवण्यापुरतं. फोन टेबलावर राहिला की चालणं नोंदलं जात नाही. वजन उतरवायला आठवड्याला निदान २५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम हवेत. स्क्वॉट्स पावलांत येत नाहीत.

आमचा कौल मेसेजना. नेदरलँड्समध्ये वर्षभर चाललेल्या चाचणीत पीसीओएस असलेल्या बायका आहार, व्यायाम आणि मनःस्थिती दर आठवड्याला एसएमएसने कळवत आणि त्यांना त्यावर उत्तर मिळे. नुसत्या गटवर्गांपेक्षा या गटाचं वजन जास्त उतरलं. आमच्या मते उत्तर देणारं माणूस हवं. रोज सकाळी सगळ्यांना एकच सुविचार पाठवणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला पैसे देऊ नका. आधी विचारा: उत्तर कोण देणार, त्यांचं शिक्षण काय, किती वेळात देणार? बोलणं पावडरी आणि गोळ्यांवर गेलं किंवा मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारं, डॉक्टरांनी दिलेलं औषध) बंद करायला सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएससाठी वेगळं क्लिनिक आहे. तपासण्या तिथे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे, मेसेज त्यानंतर.

काहीही निवडलं तरी आठवड्याची सरासरी पाहा. पाळीआधी अंगात पाणी साठून काटा वर जातो, आणि पाळी अनियमित असली की ते कधी होईल सांगता येत नाही. याच कारणाने पाळीच्या अ‍ॅपमधल्या ‘सुरक्षित दिवसां’वर गर्भनिरोधासाठी विसंबू नका, वजन उतरू लागल्यावर स्त्रीबीज न कळत सुटू शकतं.