सहा इंची स्पायरल बेव्हल कटर: एचएसएस (हाय-स्पीड स्टील) की कार्बाइड?

वागळे इस्टेट असो की रबाळे एमआयडीसी, स्पायरल बेव्हल गिअरचे (शंकूच्या आकाराचा, वळणदार दातांचा गिअर) दात कापणाऱ्या कटरच्या दोन कोटेशनांवर "6 इंची कटर" एवढंच सारखं असतं, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. व्यास जुळला म्हणजे कटर जुळला असं होत नाही.

मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) 6, 10 आणि 30 दातांची क्राउन-पिनियन जोडी (मोठा आणि छोटा गिअर) घ्या: फेस (दाताची लांबी) 28 मिमी, स्पायरल (दाताचा तिरकेपणा) 35 अंश, प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा कोन) 20. मधलं कोन डिस्टन्स (शंकूच्या टोकापासून दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर) सुमारे 81 मिमी, कटरची त्रिज्या 76.2. दोन्ही जवळजवळ आहेत, म्हणून व्यास चालेल.

मग कटर नंबर, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या ब्लेडांच्या कोनातला फरक ठरवणारा आकडा. दोन्ही गिअर्सच्या डिडेंडम कोनांची (पिच रेषेपासून दाताच्या तळापर्यंतचा कोन) बेरीज (इथे साधारण साडेसात अंश, म्हणजे 450 मिनिटं) भागिले 20, गुणिले स्पायरल अँगलचा साइन: 12.9. त्याच्या जवळपासचा 12 नंबर घेतला, तर नंबरमागे 10 मिनिटं धरून बाहेरचं ब्लेड 18 अंशांचं, आतलं 22 चं. नंबर चुकला की एका बाजूचा काँटॅक्ट (दात एकमेकांना टेकतात ती जागा) दाताच्या टोकाकडे, दुसऱ्या बाजूचा मुळाकडे सरकतो. पिनियनच्या बाजू वेगवेगळ्या कापत असाल तर थोडा फरक सेटिंगमध्ये भागतो. एकाच कटात दोन्ही काढत असाल तर भागत नाही.

पॉइंट विड्थ (ब्लेडांच्या टोकांची मिळून रुंदी) खाचेच्या लहान टोकाकडच्या तळापेक्षा जास्त असेल, तर एक बाजू कापताना समोरची खरवडते. फार कमी असेल, तर तळात मधोमध कड उरते. शिवाय ब्लेडच्या टोकाची त्रिज्या लहान ठेवावी लागते आणि दाताचं मूळ कमकुवत होतं. ही मापं कोटेशनवर नसतील तर मागून घ्या.

एवढं जुळलं की खरी निवड. फॉर्म-रिलीव्ह्ड (धारेमागे आकार कायम ठेवून उतार दिलेल्या) एचएसएस कटरला फक्त पुढून धार लावायची. धारेचा कोन बदलला तर प्रेशर अँगलही बदलतो. रिलीफमुळे दर शार्पनिंगला पॉइंट विड्थ थोडी कमी होते, म्हणून ब्लेडं सरकवता येणारा हेड (ब्लेडं बसवायची चकती) बघा. मिनिटाला 40 मीटर वेगाने हा कटर 84 आरपीएमवर तेलात निवांत चालतो. जुन्या मेकॅनिकल मशीनला हेच झेपतं.

कार्बाइड स्टिक ब्लेड (हेडमध्ये बसवायचं कांडीसारखं सुटं ब्लेड) कोरडं, 200 मीटरला चालवायचं तर 418 आरपीएम आणि ताठ स्पिंडल हवा. ब्लेड ग्राइंडर आणि हेडवर ब्लेडं बसवून मोजायची सोयही लागते. ती घरात नसेल तर प्रत्येक धारेला ब्लेडं बाहेर पाठवावी लागतील. रोज तीच जोडी निघत असेल तरच हा खर्च वसूल होतो. पाच-पन्नास नगांच्या जॉबवर्कला आम्ही एचएसएसच सुचवू.

ऑर्डरवर कटर डावा की उजवा, हे लिहायला विसरू नका.