विकिपीडिया: उमेदवारांच्या लेखांचा निकष वाचकाच्या नजरेतून

निवडणुकीच्या काळात एखाद्या उमेदवाराची माहिती हवी असली की मी प्रथम इंग्रजी विकिपीडिया उघडतो, आणि अनेकदा त्या नावाचा स्वतंत्र लेख न सापडता वाचक थेट त्या निवडणुकीच्या लेखावर पोहोचतो. यामागे तेथील उल्लेखनीयतेचा निकष आहे: राष्ट्रीय किंवा राज्य विधिमंडळाचा सदस्य झालेल्या व्यक्तीला सहसा लेख मिळतो, मात्र केवळ उमेदवारी पुरेशी मानली जात नाही, स्वतंत्र, विश्वासार्ह माध्यमांनी त्या व्यक्तीची सविस्तर दखल घेतलेली असावी लागते. हा निकष मला मुळात योग्य वाटतो. महाराष्ट्राच्या 2024च्या विधानसभा निवडणुकीत 288 जागांसाठी चार हजारांहून अधिक उमेदवार उभे होते. त्या प्रत्येकाचा लेख झाला असता, तर ज्ञानकोशाचे प्रचारपत्रक व्हायला वेळ लागला नसता.

तरीही अंमलबजावणी मला खटकते. अमेरिकेतील आयोवा राज्यात 2020मध्ये थेरेसा ग्रीनफील्ड यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची सिनेटची उमेदवारी जिंकली, देशभरातील वृत्तपत्रे त्या लढतीविषयी लिहीत राहिली, आणि तरीही कित्येक महिने त्यांचा स्वतंत्र लेख नव्हता. प्रतिस्पर्धी जोनी अर्न्स्ट विद्यमान सिनेटर असल्याने त्यांचा लेख मात्र आधीपासून होता. पदावर असलेल्याला असा आपोआप लाभ मिळणे मतदाराच्या दृष्टीने अन्यायकारक आहे. अशा चुरशीच्या लढतींत ‘ही केवळ उमेदवार आहे’ या कारणापेक्षा वृत्तांकनाची खोली आधी तपासली जावी, अशी माझी अपेक्षा आहे.