महिन्याचे किलोमीटर की एकच २०० ची राइड?

पाऊस सरला, सायकलच्या चेनवरचा गंज घासून झाला की दरवर्षी हाच प्रश्न पडतो: ऑक्टोबर ते फेब्रुवारीसाठी ध्येय काय ठेवायचं?

एक पर्याय महिन्याला ६०० किलोमीटरचा, म्हणजे रोजचे २०. नरिमन पॉइंट ते वरळी सी-फेस जाऊन-येऊन साधारण तेवढेच होतात, तेही ट्रॅफिक जागा व्हायच्या आत. सवय पक्की लागते. पण आकडा भरायच्या नादात चढ टाळले जातात. महिनाअखेरीला उरलेले चार किलोमीटर मी बिल्डिंगभोवती फिरून भरलेत. वॉचमन अजून हसतो.

दुसरा पर्याय २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. वेळ १३ तास ३० मिनिटं, त्यातच पंक्चर, चहा, वडापाव सगळं आलं. सरासरी ताशी १५ सुद्धा लागत नाही. वेग नव्हे, इतका वेळ सीटवर बसणं कठीण. त्यामुळे सरावच बदलतो: रविवारी ६०, मग ८०, १००, १३०, मध्ये ठाण्यातल्या येऊरचा चढ, शिवाय दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि दर तासाला काहीतरी खायची शिस्त. पुढे ३००, ४००, ६०० आहेतच. चारही एकाच वर्षात जमल्या तर ‘सुपर रँडोनर’ हा किताब.

शिफ्टची नोकरी किंवा घरात तान्हं मूल असेल तर पहिलाच बरा. मी यंदा दुसरा धरलाय. डिसेंबरातला ब्रेव्हेचा रविवार घरी आत्ताच सांगून ठेवलाय, नेमकं कुणाचं लग्न निघू नये म्हणजे झालं.