दिल्ली की कोलकाता? आयुष्यात एकदाच जायचं असेल तर कुठला गोल्फ कोर्स

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" म्हणून सांगितलं की तो विचार न करता त्र्यंबक नाक्याजवळ आणून सोडतो. सकाळी तिथे ट्रॅकवर चालणाऱ्यांची रांग असते, मधे पोरांचं क्रिकेट, आणि रणजीचे सामनेही झालेत. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. साहेबाच्या काळात तिथे गोल्फ चालायचा. तो खेळ गेला, नाव तेवढं तोंडात राहिलं. त्यामुळे ज्यांना या खेळाची गोडी लागली आहे त्यांना शहराबाहेरच पडावं लागतं, आणि वर्ष-दोन वर्षांतून एखादा लांबचा दौरा निघतो.

अशा दौऱ्याआधी मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे दिल्ली गोल्फ क्लब की रॉयल कलकत्ता? विचारणाऱ्याचं मन बहुतेक वेळा दिल्लीवर बसलेलं असतं. फोटो पाहिलेले असतात, टीव्हीवर तिथली स्पर्धा पाहिलेली असते. मी दोन्हीकडे सदस्यांचा पाहुणा म्हणून खेळलो आहे, दिल्लीत दोनदा, कोलकात्यात तीनदा. एकदाच जायचं असेल, आणि कोर्स कसा रचलाय हे बघण्याची थोडीशी जरी हौस असेल, तर मी कोलकाता सांगतो. का, ते नीट सांगायला हवं, कारण फोटोत हा कोर्स काहीच दिसत नाही.

आधी दिल्ली, कारण तिचं मोठेपण नाकारण्यात अर्थ नाही. झाकिर हुसेन मार्गावर, राजधानीच्या ऐन मध्यात, दाट झाडीचा हा पट्टा आहे. 1931 साली लोधी गोल्फ क्लब म्हणून सुरुवात झाली. क्लबहाऊसजवळ लाल बंगला नावाची उत्तर मुघल काळातली लाल दगडाची कबर उभी आहे. तुम्ही टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे असता आणि झाडीतून मोर ओरडतो. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेले ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी 1976-77 च्या सुमारास हा कोर्स नव्याने आखला. 1964 मध्ये पहिली इंडियन ओपन इथेच झाली आणि ती जिंकली थॉमसन यांनीच. पुढे 2019 मध्ये गॅरी प्लेअर यांच्या आराखड्यानुसार ग्रीन (झेंड्याच्या खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पुन्हा बांधले गेले.

या कोर्सचा सगळा जीव त्याच्या झाडीत आहे. फेअरवेच्या, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या मोकळ्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना किकर (बाभळीसारखी काटेरी झाडं) आणि झुडपं इतकी गच्च की चेंडू आत गेला तर शोधण्यात शहाणपण नाही. माझा एक चेंडू फेअरवेच्या कडेपासून जेमतेम दोन पावलं आत गेला होता. मी आणि बॅग वाहून वाट सांगणारा कॅडी, दोघांनी तो जाताना पाहिला होता. काठीने फांद्या बाजूला केल्या, काटे हाताला लागले, आणि खाली वाळलेल्या शेंगांशिवाय काही दिसलं नाही. कॅडीने माझ्या हातातला ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, घेऊन बॅगेत ठेवला तो पुढचे बरेच होल बाहेर काढलाच नाही. मोठमोठे व्यावसायिक खेळाडूही तिथे टीवरून आयर्न, म्हणजे कमी लांबीच्या पण ताब्यातल्या फटक्याची काठी, मारतात, हे मी आधी ऐकलं होतं, त्या दिवशी पटलं. जुन्या नाशकातल्या बोळातून मोठी गाडी काढायची तसा हा खेळ आहे. वेग कामाचा नाही, आरसे सांभाळायचे.

माझ्या मते दिल्लीची रचना खेळाडूला एकच प्रश्न विचारते: सरळ मारता येतं का? तो प्रश्न ती अठरा होलवर अठरा वेळा विचारते. प्रश्न खरा आहे, सचोटीचा आहे. ताकदीपेक्षा ताबा मोठा, हे थॉमसन यांच्या स्वतःच्या खेळाचं सूत्र होतं आणि ते त्यांनी कोर्सवर उतरवलं. पण उत्तर "नाही" आलं तर पुढे संवादच उरत नाही. नवा चेंडू काढा, दंडाचा शॉट मोजा, पुढे चला.

आता कोलकाता. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला हा सर्वांत जुना गोल्फ क्लब. सुरुवात दमदमला झाली, म्हणजे आज जिथे विमानतळ आहे त्या बाजूला. नंतर जागा बदलत तो टॉलीगंजला आला, आणि 1911 मध्ये पंचम जॉर्ज आले तेव्हा नावापुढे 'रॉयल' लागलं. भारताची हौशी गोल्फपटूंची राष्ट्रीय स्पर्धा 1892 पासूनची, तिचीही सुरुवात याच क्लबची. शेजारच्या वस्तीचं नाव गोल्फ ग्रीन. आपल्याकडे खेळ गेला आणि नाव उरलं, तिकडे खेळ टिकला आणि नाव वस्तीभर पसरलं. पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा त्र्यंबक नाकाच आठवला.

फाटकातून आत गेल्यावर मात्र डोळ्यांत भरेल असं काही नाही. जमीन ताटासारखी सपाट. डोंगर नाही, दरी नाही, कबर नाही. हिरवा पट्टा, कडेला मोठी झाडं, मधे मधे पाणी. बरोबरचा मित्र म्हणालाच, "एवढ्यासाठी इतक्या लांब आलो?" त्याचं तरी काय चुकलं? त्या कोर्सची खुबी उभं राहून बघताना कळत नाही. चेंडू मारायची वेळ येते तेव्हा कळते.

बंगालची जमीन नदीच्या गाळाची, आणि पाऊस म्हणाल तर इगतपुरीची आठवण व्हावी असा. सपाट गाळात पाणी साचणार हे ठरलेलं. म्हणून तिथे तळी, तिथल्या भाषेत पुकुर, कोर्सभर पसरलेली आहेत. ती शोभेची नाहीत. पावसाचं पाणी तीच पोटात घेतात, त्यावर कोर्स कोरडा राहतो. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शेततळं खोदलं की पाण्याची सोय होते आणि निघालेल्या मातीचा बांध तयार होतो. सपाट रानात उंचवटा मिळतो तो तेवढाच. तिथली काही ग्रीन मला तशीच वाटली, भोवतीच्या जमिनीतून हातभर उचललेली. त्या हातभर उंचीने किती काम केलंय ते ग्रीन हुकल्यावर उमगतं. चेंडू कडेवर टेकतो, क्षणभर थांबल्यासारखा करतो आणि हळूहळू खाली ओघळतो. पुढचा शॉट वर चढवायचा, आणि तोही हलक्या हाताने.

खरी कारागिरी तळी कुठे आहेत यात आहे. एका पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, होलवर माझ्यासमोर तळं तिरकं आडवं आलेलं होतं. डावीकडे पाणी जवळ, उजवीकडे लांब. डावीकडून फटका छोटा आणि सोपा, पण मग दुसरा शॉट लांबून आणि बंकरवरून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यावरून. उजवीकडून पाण्यावरून जास्त अंतर काढावं लागतं, पण ते जमलं तर ग्रीनचं तोंड सरळ उघडं मिळतं. मी ड्रायव्हर काढला. कॅडी, पन्नाशीचा, पायात रबरी चपला, काही बोलला नाही. त्याने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर एक रेघ ओढली, पाण्याच्या मधोमध जाणारी, आणि पाच नंबरचा आयर्न पुढे केला. म्हणजे दोन टोकं सोडून तिसरा रस्ताही होता, तो मला दिसलाच नव्हता. मी त्याचं ऐकलं. पुढच्या वर्षी त्याच जागी वारा समोरून होता आणि त्याने मला डावीकडे वळवलं. तेच होल, तेच तळं, माणूसही तोच, आणि उत्तर वेगळं.

चांगल्या रचनेची माझी व्याख्या यावर ठरली आहे. दिल्ली तुम्हाला एक दार दाखवते, तेही अरुंद. कोलकाता तीन दारं दाखवते आणि प्रत्येकाची किंमत आधी सांगते. जो कमी धाडस करतो त्याला तिथे हाकलून देत नाहीत, त्याच्याकडून एखादा शॉट जास्तीचा घेतात. म्हणूनच अठ्ठावीस हँडिकॅपचा माणूस आणि सहा हँडिकॅपचा माणूस (हँडिकॅप म्हणजे सवलतीचे फटके, आकडा मोठा तितका खेळ कच्चा) एकाच चौकडीत तिथे आनंदाने खेळू शकतात. दिल्लीत त्यातला एकजण दुपारपर्यंत चेंडू विकत घ्यायला निघालेला असतो.

गवताबद्दलही सांगतो, कारण आपल्या माणसाला ते कळेल. फेअरवेवर जे गवत असतं, ज्याला जगभर बर्म्युडा म्हणतात, ते म्हणजे आपली हरळी. द्राक्षबागेत हीच हरळी डोकेदुखी असते, कितीही उपटा, कांड्याकांड्याला मुळं फुटून परत येते. आणि हीच दूर्वा आपण गणपतीला वाहतो. कोलकात्यात मी वाकून एक काडी तोडली, तीन पानांची. कॅडी म्हणाला, "दूर्बा. पूजोमें लगता है." एवढ्या लांब येऊन ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. शेतकऱ्याला नकोसा असलेला तिचा चिवटपणाच इथे उपयोगी पडतो. गोल्फच्या काठीने ढेकूळ उडालं तरी ती आपोआप भरून येते, आणि चेंडू तिच्यावर उचललेला बसतो.

दोन्ही कोर्स एकाच माणसाच्या खेळात बघायचे असतील तर शिवशंकर प्रसाद चौरसिया यांच्याकडे बघा. वडील रॉयल कलकत्त्यावर ग्रीनची निगा राखायचे, पोरगा तिथेच खेळत मोठा झाला. चण लहान, फटका फार लांब नाही, पण ग्रीनच्या आसपासचा हात सोन्याचा. 2008 मध्ये त्यांनी इंडियन मास्टर्स जिंकली ती दिल्ली गोल्फ क्लबवर, 2016 ची इंडियन ओपन जिंकली तीही तिथेच. दिल्लीच्या बोळातून वाट काढणारा माणूस कोलकात्याच्या तळ्यांनी घडवला, असं मी समजतो. 

मग दिल्ली कुणी निवडावी? ज्याचा फटका छोटा पण सुतासारखा सरळ आहे त्याने डोळे मिटून. त्याचं तिथे सोनं होतं. बरोबर कुटुंब असेल तरीही दिल्लीच, कारण तुम्ही खेळत असताना त्यांना शहर बघायला पुष्कळ आहे. चौघांत कुणी अगदी नवशिका असेल तर तिथला नऊ होलचा पीकॉक कोर्स मोठी सोय आहे. आणि नाशिकहून जाणंही सोपं. पंजाब मेल रात्री नाशिकरोडला धरली की झालं. हावड्याच्या गाडीत मात्र एका दिवसाहून जास्त वेळ जातो, आणि गोल्फ बॅग बर्थखाली मावत नाही.

ऋतूचा विचार मात्र तिकिटाआधी करा. डिसेंबरची अखेर आणि जानेवारी दिल्लीत धुक्याचे. सकाळी टीवरून शंभर यार्डांवरचं झाड दिसत नाही आणि पहिला शॉट तास-दोन तास लांबतो. तिथे नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीची अखेर बरी. कोलकात्यात डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्चपासून दमट उकाडा सुरू, आणि पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नये.

दोन्ही क्लब खासगी आहेत. पाहुण्याने कुणा सदस्याची ओळख काढावी किंवा आधी क्लबला लिहून परवानगी घ्यावी, हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवावा, कॉलरचा शर्ट घालावा. शुल्क त्या त्या वेळी क्लबलाच विचारा. कोलकात्यात टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगा, कारण टॉलीगंज क्लब नावाचा 1895 चा वेगळा क्लब त्याच भागात आहे, त्याचाही गोल्फ कोर्स आहे, आणि आम्ही पहिल्या सकाळी बॅगा घेऊन त्याच्याच फाटकावर उतरलो होतो.

आणि कोलकात्याला जाणार असाल तर एका फेरीवर परतू नका. पहिल्या दिवशी तळी नुसती अंगावर येतात, कुठे मारावं तेच सुचत नाही. रात्री मुक्कामी स्कोअरकार्ड समोर ठेवून चौघांनी एकेक होल आठवा, कुठून मारलं आणि कुठून मारायला हवं होतं ते. दुसऱ्या दिवशी तोच कॅडी मागून घ्या. आमच्या त्या मित्राने, इतक्या लांब कशाला आलो म्हणणाऱ्याने, दुसऱ्या फेरीत त्या तिरक्या तळ्याच्या उजवीकडून चेंडू काढला, आणि तिसऱ्या दिवसाची वेळ मिळते का ते विचारायला स्वतः खेळाच्या वेळा देणाऱ्या स्टार्टरकडे गेला.