किल्लारी–सास्तूर भूकंप अभ्यास सहल : तुलना कुठे जमली, कुठे फसली

लातुरातील एक खासगी सहल-संयोजक गेल्या काही काळापासून ‘तीन भूकंप, तीन धडे’ अशा धाटणीची एक दिवसाची अभ्यास सहल काढतो. कोयना (१९६७), किल्लारी (१९९३) आणि भूज (२००१) यांची तुलना करीत किल्लारी, तेथील जुने गावठाण, पुनर्वसित गाव आणि तेरणा नदीपलीकडील सास्तूर असा फेरा होतो. माणशी ९५० रुपयांत प्रवास, दोन वेळचा चहा, जेवण आणि एक छापील पुस्तिका मिळते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी जवळच औशात नोकरीला होतो, त्यामुळे पैसे मोजून हे पाहायला जावे की नाही, याबद्दल मन साशंक होते; परंतु २००३ साली जन्मलेल्या भाच्याने हट्ट धरला आणि आम्ही दोघांनी नावे नोंदवली.

सकाळी सातची गाडी पावणेआठला सुटली. लामजना पाटी येईपर्यंत मार्गदर्शकांनी पहिले व्याख्यान उरकले, आणि सहलीतील सर्वांत कच्चा भाग हाच होता. पुस्तिकेत एक तक्ता आहे : कोयना, ११ डिसेंबर १९६७, तीव्रता ६.३, मृत्यू सुमारे १८०. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, तीव्रता ६.२, मृत्यू आठ ते दहा हजार; भूज, २६ जानेवारी २००१, तीव्रता ७.७, मृत्यू सुमारे वीस हजार. मार्गदर्शकांनी हा तक्ता मृतांच्या संख्येनुसार खालून वर वाचून दाखवला, जणू शर्यतीचा निकाल जाहीर करावा तसा. वास्तविक त्या तक्त्याच्या पहिल्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की एकच प्रश्न डोळ्यांत खुपतो : तीव्रता जवळपास सारखी, दोन्ही वेळा पहाटेपूर्वीची, लोक घरात झोपलेले, मग एकीकडे शेकड्यात आणि दुसरीकडे हजारांत माणसे का मेली? या प्रश्नाला बसमध्ये कोणी हात लावला नाही. त्याऐवजी धरणांवर अर्धा तास गेला. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे उदाहरण जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांच्या संदर्भात जगभर दिले जाते, हे खरेच आहे; पण माकणीच्या निम्न तेरणा प्रकल्पाला त्याच पंक्तीत बसवून ‘तिथेही धरण, इथेही धरण’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होते. त्या जलाशयाचा किल्लारीच्या भूकंपाशी संबंध आहे का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, एवढे एक वाक्य तरी सांगायला हवे होते.

जुन्या गावठाणात मात्र सहलीने एकदम कूस पालटली. स्मृतिस्तंभापाशी पाच मिनिटे शांत उभे राहिल्यावर आम्हाला गावातल्याच सत्तरी ओलांडलेल्या एका आप्पांच्या हवाली करण्यात आले. वेड्या बाभळींत अर्धवट उभ्या राहिलेल्या एका भिंतीपाशी ते आम्हाला घेऊन गेले आणि भिंतीच्या तुटलेल्या तोंडावर काठी ठेवून म्हणाले, “ह्यो बाहेरचा दगड, ह्यो आतला. मधी नुसती माती अन् चिपा. दोन्हीला धरून ठिवणारा एक बी दगड न्हाई.” भिंत दोन हातांहून रुंद होती. तिच्या पोटात काठी घातली तर माती भसाभसा गळू लागली. बाहेरची आणि आतली अशा दोन स्वतंत्र भिंती मातीच्या आधाराने एकमेकींना टेकून उभ्या होत्या, आणि त्यांच्या आरपार जाणारा लांब दगड कुठेही बसवलेला नव्हता, हे त्या तुटक्या तोंडात स्पष्ट दिसत होते.

मग आप्पांनी माळवदाबद्दल सांगितले. लाकडी सरे, त्यांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, आणि गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी पुन्हा नवी माती. असे करत वडिलांच्या आणि आजोबांच्या काळापासूनचा भार डोक्यावर चढत गेलेला. हे छप्पर उन्हाळ्यात घर गार ठेवायचे, म्हणून ते सोडायची कोणाची तयारी नसायची. कोयनेच्या खोऱ्यात धो धो पाऊस पडतो, त्यामुळे तिथे उतरती, कौलारू, तुलनेने हलकी छपरे. आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून सपाट आणि जड. वस्तीची दाटी आणि खालची भूरचना यांचाही वाटा असतोच. तरीही तक्त्यातील त्या दोन आकड्यांमधील फरकाचे मोठे उत्तर मला त्या भिंतीपाशीच मिळाले. खणांच्या, म्हणजे छप्पर लाकडी खांबांवर पेललेल्या, घरांत खांब जागच्या जागी उभे राहिले आणि भिंतीच तेवढ्या ढासळल्या, असेही आप्पांनी सांगितले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव नुकतेच झोपले होते, आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, महिनोन्महिने लहान धक्के बसत होते. लोक काही दिवस अंगणात झोपले, मग सवय झाली आणि पुन्हा घरात गेले. आप्पा इथे थांबले. आमच्यापैकी कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

जेवण साधे आणि उत्तम होते : ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ताक. पिण्याच्या पाण्याची मात्र स्वतःची सोय ठेवावी.

दुपारच्या सत्रात पुनर्वसित गावातून फिरताना भूजशी केलेली तुलना खऱ्या अर्थाने जमली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली आणि घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. सरळ रुंद रस्ते आणि एका साच्यातील घरे पाहताना, जुनी उतरंड भूकंपात गाडली गेली नाही, तर नकाशावर पुन्हा आखली गेली, हे मार्गदर्शकांचे निरीक्षण मला नेमके वाटले. गुजरातने बहुतांश ठिकाणी गाव न हलवता, घरमालकाला हप्त्याहप्त्याने मदत देऊन आणि अभियंत्याच्या देखरेखीखाली त्यालाच घर बांधायला लावले. किल्लारीच्या अनुभवाचा उपयोग त्या वेळी झाला. लातूर भागातील महिला बचत गटांतील बायका तिकडे जाऊन आल्या, आणि किल्लारीच्या वेळी मुख्यमंत्री असलेल्या शरद पवारांकडे भूजनंतर वाजपेयी सरकारने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन समितीचे उपाध्यक्षपद दिले. हा दुवा पुस्तिकेत सविस्तर आहे आणि ती पाने जपून ठेवण्यासारखी आहेत.

एका मुद्द्यावर मात्र संयोजकांनी तुलना अर्ध्यावर सोडली. किल्लारीनंतर आमच्या भागात ‘दगड वाईट, सिमेंट चांगले’ हा समज इतका घट्ट बसला की आरपार दगड आणि हलके छप्पर घालून चांगले दगडी घर बांधता येते, हेच लोक विसरले. भूजच्या वेळी भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्याच बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकांच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, गाड्या लावण्यासाठी नुसते खांब होते. भूजचे हे पान किल्लारीच्या भिंतीशेजारी ठेवले असते, तर श्रोत्यांना कळले असते की दोष दगडाचा किंवा सिमेंटचा नव्हे, जोडणीचा आणि वजनाच्या मांडणीचा असतो. मी हे समारोपाच्या वेळी विचारले. मार्गदर्शकांनी प्रामाणिकपणे, “सर, तेवढा वेळ मिळत नाही,” असे उत्तर दिले. जबलपूरच्या १९९७ च्या भूकंपावर पुस्तिकेत एक पान आहे, त्यावर तर कोणी चकार शब्द काढला नाही. धरणांवरचा अर्धा तास वाचवला तर दोन्ही विषयांना जागा होईल.

एकंदरीत आप्पांच्या त्या पाऊण तासासाठी तरी ही सहल करावी, असे माझे मत आहे. शाळांनी मुलांना आणायचे असल्यास आठवीच्या पुढच्या वर्गांना आणावे आणि बसमधील तक्ता शिक्षकांनी आधी स्वतः समजावून सांगावा. संध्याकाळी साडेसहाला आम्ही लातुरात संयोजकांच्या कार्यालयासमोर उतरलो. कार्यालय चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली गाड्या लावायला नुसते खांब आहेत. भाच्याने आपली दुचाकी त्यांतल्याच एका खांबाशेजारून बाहेर काढली.